यंत्राला भाषा शिकवणाऱ्या ग्रेस हॉपर

विजयदुर्ग किल्ल्यापासून थोडे आत, वाघोटन खाडीच्या काठी गिर्ये गावाच्या हद्दीत मराठा आरमाराची गोदी आजही पाहता येते. ती कातळ फोडून केलेली आहे. भरतीच्या पाण्यावर गलबत आत घ्यायचे आणि ओहोटीत ते उघडे पडले की डागडुजी करायची, ही अशा गोदीची रीत. लाकडी गलबत बांधण्याला ठरलेला क्रम असतो. आधी तळाचा कणा, मग त्याला जोडलेल्या बरगड्या, त्यावर फळ्या, मग फटी बुजवणे आणि शेवटी डोलकाठी व शीड. एखादी बरगडी कुजली तर तिच्यावरच्या फळ्या काढाव्या लागतात, डोलकाठीला हात लावावा लागत नाही. फट राहिलीच असेल तर ती खाडीत कळलेली बरी. भर समुद्रात कळून उपयोग नसतो.

क्रमाने जोडायचे, बदलले तेवढेच पुन्हा करायचे आणि पाण्यात सोडण्यापूर्वी तपासायचे, हे तीन नियम आज संगणकाच्या जगातही पाळले जातात. सीटी स्कॅनचे यंत्र, रक्ततपासणीचे स्वयंचलित यंत्र, अतिदक्षता विभागात शिरेतून औषध मोजून देणारा पंप, या सगळ्यांच्या आत प्रोग्रॅम असतो. माणसाने आपल्याला वाचता येईल अशा भाषेत तो लिहिलेला असतो. यंत्राला मात्र फक्त आकडे कळतात. मधले भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात. लिहिणाऱ्याने सगळे बरोबर लिहिले, पण कंपायलरने चुकीचा अर्थ लावला, तर यंत्र चुकेल आणि चूक कुठे झाली हे शोधणेही अवघड होईल. म्हणून कंपायलर बांधणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो तपासणेही महत्त्वाचे.

या दोन्ही कामांचा पाया घालणाऱ्यांपैकी एक व्यक्ती नौदलातली होती. रिअर अॅडमिरल ग्रेस हॉपर यांची ही कहाणी.

सात घड्याळे

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. त्यांचे पणजोबा अमेरिकी नौदलात अॅडमिरलच्या पदापर्यंत पोचले होते आणि लहानपणी पाहिलेली त्यांची छबी ग्रेस यांच्या मनात कायम राहिली. सात वर्षांची असताना गजराचे घड्याळ कसे चालते याचे तिला कुतूहल वाटले. तिने एक घड्याळ उघडले, ते पुन्हा जुळेना. मग दुसरे उघडले, तिसरे उघडले. घरातल्या सात घड्याळांचे सुटे भाग झाल्यावर आईच्या लक्षात आले. आईने शिक्षा केली नाही, फक्त यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे अशी मर्यादा घातली.

वडील वॉल्टर मरे विमा व्यवसायात होते. मुले लहान असतानाच रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले. तरीही कृत्रिम पाय आणि काठ्यांच्या आधाराने ते कामावर जात राहिले. आपल्यामागे मुलींना स्वतःच्या पायावर उभे राहता आले पाहिजे, या जाणिवेने त्यांनी मुलाइतकेच शिक्षण मुलींनाही दिले. त्या काळच्या मानाने ही साधी गोष्ट नव्हती.

व्हासार या महिला महाविद्यालयात प्रवेश घेताना ग्रेस पहिल्यांदा लॅटिनच्या परीक्षेत कमी पडल्या आणि एक वर्ष थांबावे लागले. १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या. १९३० मध्ये येल विद्यापीठातून एम.ए., त्याच वर्षी व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी विवाह आणि १९३४ मध्ये येलमधूनच गणितात पीएच.डी. व्हासारमध्ये त्या गणित शिकवू लागल्या. संथ, सुरक्षित, प्राध्यापकी आयुष्य समोर होते.

नौदल आणि पाच टनांचे यंत्र

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका महायुद्धात उतरली. ग्रेस यांना नौदलात जायचे होते. वय पस्तिशीला आलेले आणि वजन नौदलाच्या नियमापेक्षा सुमारे सात किलोने कमी. शिवाय गणिताच्या प्राध्यापकांची देशाला वर्गात गरज आहे, असे सरकारचे म्हणणे. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात त्या आपल्या तुकडीत पहिल्या आल्या आणि जुलै १९४४ मध्ये त्यांना हार्वर्ड विद्यापीठात पाठवण्यात आले.

तिथे हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली मार्क वन हे यंत्र होते. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, वजन सुमारे ५ टन. आत फिरणारे दांडे, चाके आणि विजेच्या झटक्याने उघडझाप करणारे रिले. यंत्राला आज्ञा द्यायच्या त्या कागदी पट्टीवर भोके पाडून. तोफांचे तक्ते, जहाजांचे गणित, अशी युद्धाची तातडीची कामे अहोरात्र चालत. अणुबॉम्बच्या प्रकल्पातले एक गुंतागुंतीचे गणितही याच यंत्रावर सोडवले गेले. एकेन यांच्या सांगण्यावरून हॉपर यांनी या यंत्राचे पाचशेहून अधिक पानांचे माहितीपुस्तक तयार केले. संगणक कसा चालवायचा हे सविस्तर सांगणाऱ्या पहिल्या पुस्तकांपैकी ते एक होते.

या कामात त्यांना एक गोष्ट खटकू लागली. ठरावीक गणिते पुन्हा पुन्हा लागत, उदाहरणार्थ एखाद्या कोनाची ज्या काढणे. हॉपर आणि त्यांचे सहकारी रिचर्ड ब्लॉक यांनी अशा गणितांच्या तपासून बरोबर ठरलेल्या आज्ञा वह्यांत लिहून ठेवल्या होत्या. नवे काम आले की वहीतून उतरवून घ्यायचे. पण उतरवताना माणूस चुकतो. इंग्रजी बी हे अक्षर घाईत लिहिले की १३ सारखे दिसते आणि यंत्र ते १३ म्हणूनच घेते. डॉक्टरच्या अक्षरामुळे औषधाच्या दुकानात जो घोटाळा होऊ शकतो, तोच इथेही होत होता. मूळ मजकूर बरोबर, नक्कल चुकीची. माणसाने उतरवण्याऐवजी यंत्रानेच आपल्या वहीतून उतरवून घेतले तर? हा प्रश्न त्यांच्या मनात राहिला.

एका पतंगाची गोष्ट

९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टू या पुढच्या यंत्रात बिघाड झाला. शोधताना एका रिलेत अडकून मेलेला पतंग सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावून ठेवला गेला आणि ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. प्रोग्रॅममधल्या चुकीला बग म्हणजे किडा म्हणतात, ते या घटनेवरून आणि तो पतंग हॉपर यांनीच काढला, असे सर्रास सांगितले जाते. यातले दोन्ही तपशील चुकीचे आहेत. यंत्रातल्या दोषाला बग म्हणण्याची पद्धत एडिसनच्या काळापासून होती आणि पतंग काढणारे हात दुसऱ्यांचे होते. हॉपर यांनी हा किस्सा आयुष्यभर इतका रंगवून सांगितला की तो त्यांच्याच नावावर चिकटला.

विजयदुर्गकरांना असा प्रकार अनोळखी नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी जोडलेला साहेबाचा कट्टा किल्ल्यावर दाखवला जातो आणि नॉर्मन लॉकियर यांनी इथूनच हेलियम शोधला असे सांगितले जाते. ग्रहणाच्या दिवशी भारतातून सूर्याचा वर्णपट पाहणाऱ्या शास्त्रज्ञांत जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होते. लॉकियर यांनी मात्र आपली निरीक्षणे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून केली. वर्णपटातली ती पिवळी रेषा म्हणजे नवे मूलद्रव्य आहे हे सर्वमान्य व्हायला १८९५ साल उजाडले. त्या वर्षी विल्यम रॅम्से यांना पृथ्वीवरच्या एका खनिजात हेलियम सापडला. एकाने पाहिलेले दुसऱ्याने वेगळ्या मार्गाने तपासले, तेव्हा विज्ञानाने ते स्वीकारले. हॉपर यांच्या उत्तरायुष्यातले सर्वात मोठे कामही याच स्वरूपाचे होते. त्याकडे जाण्यापूर्वी मधली कठीण वर्षे पाहायला हवीत.

घसरण आणि सावरणे

युद्ध संपले तेव्हा ग्रेस आणि व्हिन्सेंट यांचा विवाह मोडला होता. नौदलाच्या नियमित सेवेसाठी त्यांनी अर्ज केला, पण वय जास्त म्हणून तो नाकारला गेला. हार्वर्डची संशोधकाची नेमणूक ठरावीक मुदतीची होती आणि त्या विद्यापीठात स्त्रीला कायम प्राध्यापकपद मिळण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. युद्धातल्या अहोरात्र कामाच्या ताणात सुरू झालेले मद्यपान या काळात हाताबाहेर गेले. १९४९ मध्ये फिलाडेल्फियात नशेच्या अवस्थेत पोलिसांनी त्यांना ताब्यातही घेतले होते. आत्महत्येचे विचारही त्यांच्या मनात येत होते, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. एडमंड बर्कली या जुन्या सहकारी मित्राने त्यांना स्पष्ट शब्दांत लिहिले आणि उपचाराची गरज दाखवून दिली.

पुढच्या वर्षांत त्या सावरल्या. मोठे काम केलेल्या माणसांच्या चरित्रातून अशी पाने गाळली जातात, पण ती वाचणाऱ्याच्या उपयोगाची असतात. व्यसन आणि नैराश्य बुद्धिमत्ता पाहून येत नाही. अशा वेळी स्पष्ट बोलणारा एक मित्र आणि हातात अर्थपूर्ण काम, या दोन्हींचा आधार मोठा असतो.

यंत्रच प्रोग्रॅम जुळवते

काम तर हातात होतेच. १९४९ मध्येच त्या फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉकली कंपनीत दाखल झाल्या होत्या. ही कंपनी युनिव्हॅक हा विक्रीसाठीचा संगणक तयार करत होती. सुरुवातीला त्यांनी इथल्या दुसऱ्या एका यंत्रासाठी अष्टमान पद्धतीत, म्हणजे आठच अंक वापरून हिशेब करण्याची सवय लावून घेतली. काही दिवसांनी त्यांचा घरचा बँकेचा हिशेब जुळेना. बँक व्यवसायातल्या भावाने वही तपासली तेव्हा कळले की बाई मधूनमधून अष्टमानात वजाबाकी करत होत्या. यंत्राच्या भाषेत विचार करण्याची सक्ती माणसावर कशाला, माणसाची भाषा यंत्रालाच का शिकवू नये, ही त्यांची धारणा अशा अनुभवांतून पक्की होत गेली.

हार्वर्डच्या वह्यांचा प्रश्न त्यांनी पुन्हा हाती घेतला. तपासून बरोबर ठरलेले सगळे आज्ञासंच त्यांनी एका चुंबकीय फितीवर साठवले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने फक्त कोणते क्रमांक कोणत्या क्रमाने हवेत एवढे सांगायचे. फितीवरून ते भाग शोधणे, एकापुढे एक ठेवणे आणि प्रत्येक भागातले पत्ते नव्या जागेप्रमाणे बदलणे, हे सगळे यंत्र करील. या प्रोग्रॅमला त्यांनी ए-झिरो नाव दिले. विखुरलेले भाग गोळा करून रचणारा म्हणून तो कंपायलर. मे १९५२ मध्ये त्यांनी यावरचा निबंध पिट्सबर्ग येथील परिषदेत मांडला. आजच्या व्याख्येने पाहिले तर ए-झिरो हे भाग जोडणारे साधन होते, पूर्ण भाषांतर करणारा कंपायलर पुढे आला. पण प्रोग्रॅम तयार करण्याचे काम प्रोग्रॅमनेच करायचे, ही कल्पना इथे प्रत्यक्ष चालून दाखवली गेली.

त्यात एक अडचण होती. प्रोग्रॅममध्ये पुढच्या एखाद्या भागाकडे उडी मारायची आज्ञा असते, पण तो भाग अजून रचलेलाच नसतो. मग त्याचा पत्ता कुठून आणायचा? हॉपर यांना महाविद्यालयात खेळलेले बास्केटबॉल आठवले. मुलींच्या त्या वेळच्या नियमांत चेंडू घेऊन फार पुढे जाता येत नसे. चेंडू मधल्या सहकारिणीकडे टाकायचा, आपण पुढे धावायचे आणि तिच्याकडून तो परत घ्यायचा. तसेच त्यांनी यंत्राच्या स्मृतीत एक मधली जागा राखून ठेवली. पुढची उडी आधी तिथे टाकायची आणि तो भाग रचून झाला की खरा पत्ता तिथे भरायचा.

चालणारा कंपायलर हातात असूनही पुष्कळ दिवस लोकांचा त्यावर विश्वास बसेना. संगणक फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्रॅम लिहू शकत नाही, असे तज्ज्ञही सांगत. हॉपर यांनी वाद घालण्यापेक्षा चालवून दाखवण्यावर भर दिला. सुधारित ए-टू त्यांनी १९५३ मध्ये ग्राहकांच्या हाती दिला आणि त्यात दोष आढळल्यास किंवा सुधारणा सुचल्यास कळवा असे सांगितले. पुढे इंग्रजी शब्दांत आज्ञा स्वीकारणारी भाषा त्यांनी बनवायला घेतली. त्याचा नमुना दाखवताना तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालतो हे त्यांनी दाखवले. वरिष्ठ मंडळी घाबरली. अमेरिकेत बनलेल्या संगणकाला फ्रेंच कशी कळेल, हे त्यांना पटेना. यंत्राच्या दृष्टीने शब्द कोणत्याही भाषेतला असला तरी ती एक खूणच असते, हे समजावण्यात हॉपर यांचे बरेच दिवस गेले. या प्रयत्नातून फ्लो-मॅटिक ही भाषा तयार झाली.

एकच प्रोग्रॅम, दोन यंत्रे

१९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने पेंटॅगॉनमध्ये बैठक झाली. प्रत्येक कंपनीच्या संगणकाची भाषा वेगळी, त्यामुळे यंत्र बदलले की सगळे प्रोग्रॅम नव्याने लिहावे लागत. सर्वांसाठी एक व्यावसायिक भाषा तयार करायचे ठरले. तीच कोबोल. हॉपर यांना पुष्कळदा कोबोलची जननी म्हटले जाते. प्रत्यक्षात भाषा समितीने घडवली आणि हॉपर तांत्रिक सल्लागार होत्या. मात्र फ्लो-मॅटिकचा ठसा तिच्यावर स्पष्ट होता.

कोबोलची खरी परीक्षा डिसेंबर १९६० मध्ये झाली. एकच प्रोग्रॅम आरसीए आणि रेमिंग्टन रँड या दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवला गेला आणि तो किरकोळ फेरफारांसह दोन्हीकडे चालला. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांनी ही भाषा स्वीकारली. जगातल्या कित्येक बँकांचे जुने हिशेब आजही तिच्यात चालतात.

निवृत्तीनंतरची नोकरी

१९६६ च्या अखेरीस साठ वर्षांच्या हॉपर नौदलाच्या राखीव दलातून निवृत्त झाल्या. सात महिन्यांतच, ऑगस्ट १९६७ मध्ये, नौदलाने त्यांना परत बोलावले. मुदत सहा महिन्यांची होती, प्रत्यक्षात ती एकोणीस वर्षे चालली.

बोलावण्याचे कारण या लेखाच्या विषयाचा गाभा आहे. कोबोल ही एक भाषा असली तरी तिचे कंपायलर अनेक होते. प्रत्येक कंपनीने आपला कंपायलर बनवला, कुणी नियमाचा एक अर्थ लावला, कुणी दुसरा. कुणी अवघड भाग सोडून दिला आणि तरी कोबोलची पाटी लावली. नौदलाकडे निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे होती. एका यंत्रावर बरोबर पगारपत्रक काढणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडे. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून चालणार नव्हते.

हॉपर यांच्या गटाने परीक्षेचे प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. भाषेच्या नियमांतला एकेक मुद्दा घ्यायचा, त्यावर एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा आणि त्याचे बरोबर उत्तर आधीच ठरवून ठेवायचे. मग तो नव्या कंपायलरकडून भाषांतरित करून घ्यायचा, चालवायचा आणि उत्तर ताडून पाहायचे. जुळले तर उत्तीर्ण, नाही तर अनुत्तीर्ण. असे अनेक प्रोग्रॅम मिळून एक परीक्षासंच होतो. चांगल्या रक्तपेढीत किंवा प्रयोगशाळेत रोज सकाळी हेच घडते. रुग्णाचा नमुना यंत्रात घालण्याआधी ज्याची साखर, ज्याचे हिमोग्लोबिन नेमके माहीत आहे असा नमुना तपासला जातो. यंत्राने माहीत असलेले उत्तर बरोबर दिले, तरच माहीत नसलेल्या उत्तरासाठी त्याच्यावर भरवसा ठेवायचा.

अशा तपासणीतून उतरलेला कंपायलरच विकत घ्यायचा, हा दंडक पुढे अमेरिकी सरकारच्या खरेदीत आला. त्याचा परिणाम असा झाला की कंपन्यांना भाषेचे नियम गांभीर्याने घ्यावे लागले. भाषा लिहून काढली म्हणून ती समान होत नाही. ती समान आहे की नाही हे परीक्षा ठरवते, हे हॉपर यांच्या गटाने दाखवून दिले.

मोदकाची कृती आणि दह्याचे विरजण

आजचा कंपायलर हजारो फायलींचा बनतो. तो हाताने जुळवणे अशक्य असते. या अडचणीवर १९७६ मध्ये बेल लॅब्समधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक नावाचे साधन काढले. निमित्त मजेदार होते. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी एक चूक शोधण्यात अख्खी सकाळ घालवली होती. चूक खरे तर आधीच दुरुस्त झाली होती, पण दुरुस्त फायलीचे नव्याने भाषांतर करायचे राहून गेले होते. यंत्र जुनाच भाग चालवत होते.

मेकला लागणारी मेकफाइल ही स्वयंपाकाच्या चिठ्ठीसारखी असते. उकडीच्या मोदकाला सारण लागते आणि उकड लागते. सारणाला खोबरे आणि गूळ, उकडीला तांदळाची पिठी आणि पाणी. गूळ बदलला तर सारण पुन्हा करायचे आणि मोदक पुन्हा वळायचे, उकडीला हात लावायचा नाही. कशासाठी काय लागते आणि ते कसे करायचे, एवढेच मेकफाइलमध्ये लिहिलेले असते. प्रत्येक फायलीत शेवटचा बदल केव्हा झाला ते पाहून मेक ठरवते की काय शिळे झाले आणि काय ताजे आहे. चिठ्ठीत गुळाचा उल्लेख राहून गेला, तर गूळ बदलल्याचे मेकला कळणार नाही आणि जुनेच सारण मोदकात जाईल. म्हणून ही चिठ्ठीही काळजीने लिहावी लागते.

कंपायलरच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. बहुतेक कंपायलर स्वतःच्याच भाषेत लिहिलेले असतात. मग पहिला कंपायलर कोण भाषांतरित करणार? दही लावायला जसे आधीचे थोडे दही विरजण म्हणून लागते, तसा इथे जुना कंपायलर लागतो. जीसीसी हा १९८७ पासून सर्वांना मोफत उपलब्ध असलेला कंपायलर असाच तीन टप्प्यांत बांधतात. पहिल्या टप्प्यात जुना कंपायलर नव्याला भाषांतरित करतो. दुसऱ्यात तो नवा स्वतःलाच पुन्हा भाषांतरित करतो. तिसऱ्यात ते पुन्हा एकदा. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात तयार झालेल्या फायली ताडून पाहतात. त्या सारख्या निघाल्या तर विरजणाचा दोष पुढे आला नाही, असे मानायला आधार मिळतो. हा सारा क्रम मेकफाइलमध्येच लिहिलेला असतो.

पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. दवाखान्यातला एखादा वजनकाटा दर वेळी नेमके दोन किलो जास्त दाखवत असेल, तर त्याची सगळी मापे एकमेकांशी जुळतील आणि तरी सगळी चुकीची असतील. काटा बरोबर आहे की नाही हे कळायला प्रमाणित वजन ठेवून पाहावे लागते. म्हणून बांधणी संपली की मेक चेक ही आज्ञा देतात आणि हजारो छोट्या प्रोग्रॅमांचा परीक्षासंच चालतो. हॉपर यांचा मेकशी किंवा जीसीसीशी थेट संबंध नव्हता. पण तपासलेल्या भागांतून यंत्रानेच जुळवणी करायची आणि मग माहीत असलेल्या उत्तरांवर ती पारखायची, या दोन्ही गोष्टी त्यांनी आधीच करून दाखवल्या होत्या. मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये जीसीसीच्या अभ्यासासाठी खास केंद्र उभे राहिले आणि तिथल्या कार्यशाळांतून या कंपायलरची आतली रचना शिकवली गेली.

इशारा

तपासणी टाळल्यावर काय होते, हे हॉपर यांच्या हयातीतच दिसले. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडामध्ये थेरॅक-२५ या कर्करोगावरील किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना ठरवलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरणे दिली. त्यांतले काही दगावले. इथे दोष कंपायलरचा नव्हता, प्रोग्रॅमचा होता. त्याचे काही भाग आधीच्या यंत्रांतून घेतलेले होते. त्या यंत्रांत मात्रा वाढली तर किरणे थांबवणारी वेगळी यांत्रिक अडसर होती, त्यामुळे प्रोग्रॅममधली चूक झाकली गेली होती. नव्या यंत्रात ती अडसर काढली आणि चूक रुग्णापर्यंत पोचली. एका ठिकाणी चाललेला भाग दुसरीकडे नेला की तो नव्या ठिकाणी पुन्हा तपासावा लागतो. एका गलबताची फळी दुसऱ्याला बसवली तरी फटी नव्याने बुजवाव्याच लागतात.

शेवटची वर्षे

हॉपर १९७३ मध्ये कॅप्टन, १९८३ मध्ये कमोडोर झाल्या आणि १९८५ मध्ये त्या पदाचे नाव रिअर अॅडमिरल असे बदलले. भाषणांना जाताना त्या पिशवीतून सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे नेत आणि श्रोत्यांना वाटत. एका सेकंदाच्या एक अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त किती अंतर जाऊ शकते, ते हातात धरून पाहता यावे म्हणून. कचेरीत उलट्या दिशेने फिरणारे घड्याळ त्यांनी लावले होते. पूर्वीपासून असेच चालत आले आहे, हे उत्तर त्यांना कधीच पुरेसे वाटले नाही. तरुणांना शिकवणे हेच आपले खरे काम, असे त्या मानत.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षात, त्या नौदलातून पुन्हा निवृत्त झाल्या. त्या वेळी अमेरिकी नौदलात सक्रिय सेवेत त्यांच्याइतक्या वयाचा दुसरा अधिकारी नव्हता. निरोपाचा समारंभ बॉस्टन बंदरातल्या कॉन्स्टिट्यूशन या अठराव्या शतकातल्या लाकडी युद्धनौकेवर झाला. घरी बसणे स्वभावात नव्हते. एका संगणक कंपनीत सल्लागार म्हणून त्या अखेरपर्यंत काम करत राहिल्या. १ जानेवारी १९९२ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले आणि आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार झाले. पुढे एका युद्धनौकेला त्यांचे नाव दिले गेले आणि २०१६ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर मिळाला.

त्यांनी घडवलेल्या भाषा आता जुन्या झाल्या. त्यांची सवय मात्र जुनी होणारी नाही. रुग्णालयातला पंप औषधाचा एक थेंब सोडतो, तेव्हा त्यामागे कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम असतो, त्याचे भाषांतर करणारा कंपायलर असतो आणि त्या कंपायलरला माहीत असलेले प्रश्न विचारून उत्तरे ताडून पाहणारे कुणीतरी असते. यांतला शेवटचा माणूस कुणाला दिसत नाही. गिर्येच्या गोदीत फळ्यांमधल्या फटी बुजवणारा कारागीरही इतिहासात दिसत नाही. गलबत बंदराला लागते ते मात्र त्याच्याच भरवशावर.